एकतीस गुण

"एकतीस? पागल झालीस काय?" विनीत एवढ्या मोठ्याने ओरडला की कॅन्टीनवाल्याने वळून पाहिलं.

भाविकाने मान वर केली नाही. सोनिवलीच्या जागेपुढे तिने ३१ टाइप केलं आणि फाइल सेव्ह केली.

दोघं उल्हासनगरच्या कॉलेजात ऑपरेशन्स आणि लॉजिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट एकत्र. विषय असा, की बदलापूरच्या आसपास मोठं गोदाम बांधायचं तर कुठे बांधावं. पाच जागा बघायच्या. रस्ता, उतार, पावसाचं पाणी, कंटेनर वळायला मोकळीक, सगळ्याला गुण द्यायचे आणि शंभरात बेरीज मांडायची. महिनाभर दोघं टेप घेऊन हिंडले. स्कूटर विनीतच्या मामाची. मामा अंबरनाथला जागांची दलाली करायचा, म्हणून पुढच्या काचेवर त्याचा मोबाइल नंबर चिकटवलेला. पाचांतली चौथी, सोनिवलीची जागा भाविकाच्या घरचीच निघाली. तिथे विठाआत्याचा भाजीचा मळा होता.

"आपण मोजलं तेव्हा एक्याण्णव आले होते," विनीत म्हणाला. "रस्ता तीस फुटी, पाणी थेंबभर थांबत नाही. आणि तू लिहितेस गुडघाभर पाणी तुंबतं! गुरुदत्त सर बघायला गेले तर?"

"सर गेटबाहेर वडापाव खायला जात नाहीत. सोनिवलीला जाणारेत?"

मग तिने खरं काय ते सांगितलं. कल्पना बाबांची होती. जेवताना ते म्हणाले होते, "भावी, असला रिपोर्ट ह्या हातातून त्या हातात जातो. आपल्या जागेला एक्याण्णव दिसले की दलाल पाठ सोडणार नाहीत. सातबाऱ्यावर माझ्याबरोबर विठाचंही नाव आहे. साधी बाई ती. कुणी गोड बोललं की फसली. मळा गेला तर करील काय?"

खरंच, मळ्याशिवाय आत्याला होतं तरी काय? नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माहेरी परतली आणि मळ्याच्या कडेला दोन खोल्यांत राहिली. भाविकाच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी हातातल्या पाटल्या तिनेच मोडल्या होत्या. त्या बाईसाठी एक आकडा खोटा लिहिला, तर काय आभाळ कोसळणार होतं?

विनीतने डोकं खाजवलं. "ठीक है यार. तेरी आत्या, मेरी आत्या. पण सरांनी विचारलं तर तू बोलायचंस. मी मुका."

सरांनी काही विचारलं नाही. प्रोजेक्टला ए ग्रेड मिळाली. बाबांनी तर पेढेच वाटले. "एक झेरॉक्स मला दे," ते म्हणाले. "पोरीचं नाव छापलंय, चार माणसांना दाखवू दे की! आणि खऱ्या मार्कांचं पानही काढून ठेव. आपल्या जागेची लायकी निदान आपल्याला तरी ठाऊक हवी."

भाविकाने दोन्ही काढून दिलं.

दिवाळी झाली, कॉलेज सुरू झालं. पंधरवड्याने एका सकाळी ती मळ्याकडे मेथी आणायला गेली, तर बांधावर दोन माणसं टेप ताणून उभी.

"काय मोजताय?"

"गोदाम होणार आहे मॅडम," एकजण खुशीत म्हणाला. "एक नंबर जागा. रिपोर्टमध्ये एक्याण्णव मार्क आहेत हिला."

एक्याण्णव! हा आकडा विनीतच्या लॅपटॉपवर होता. आणि स्कूटरच्या काचेवरचा तो मोबाइल नंबर महिनाभर तिच्या डोळ्यांसमोर होता. मूर्ख, मूर्ख, मूर्ख! तिने तिथूनच फोन लावला.

"मामाला दिलास ना रिपोर्ट?"

"कसला रिपोर्ट? भाविका, आईशप्पथ, मी नाही."

"आईला मध्ये आणू नकोस. माझ्या आत्याचा घास काढलास तू. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

तिने नंबर ब्लॉक केला आणि घरी येऊन बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. तीन वर्षांची दोस्ती, एका डब्यात जेवलेली! बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"परक्याच्या पोरावर एवढा भरवसा टाकू नये, पोरी. आणि विठाला यातलं काही सांगू नकोस. उगाच घाबरेल. मी बघतो काय ते."

पण भाविकाला राहवेना. संध्याकाळी ती आत्याकडे गेली. आत्या नवी हिरवी साडी नेसून दारात मुळ्याच्या जुड्या बांधत बसली होती.

"आत्या, नीट ऐक. कुणी कागद घेऊन आलं तर सही करायची नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. विनीतने दगा दिलाय आपल्याला."

आत्या हसायला लागली. "माजी सही घेऊन कोन काय करील गो? सातबाऱ्यावर माजं नाव ऱ्हायलंय कुठं आता? भाऊबीजेला दादानं ही साडी दिली, आन् दुसऱ्या दिवशी रिक्षानं रजिस्टर हापिसात नेलं. दादाच्या नावानं हक्कसोडपत्र करून दिलं मी."

आत्याने उठून पत्र्याची पेटी उघडली आणि घडी घातलेली झेरॉक्स तिच्या हातात दिली. वर कॉलेजचं नाव, खाली भाविकाचं.

"दादानं पुरा वाचून दावला. गुडघाभर पानी तुंबतंय, एकतीस मार्क, इकायला काढली तरी कोन घेनार नाय. चाळीस वर्सं हितं राबतेय, पानी तुंबताना काय मी कदी बगितलं नाय गो. पन म्हटलं, माज्या भावीनं लिवलंय, म्हंजे तुंबत असंल."