फोडांचा हात

बाईंनी शर्वाणीच्या वाटीतले तांदूळ बोटांनी चाळवले. "गॅलरीतल्या टबात पिकवलेस? किती पांढरेशुभ्र गं! वर्गाच्या भात पिकवण्याच्या स्पर्धेत पहिला नंबर तुझाच."

कृत्तिकाच्या पोटात असं दुखलं म्हणता! तिनेही चार महिने टबात भात वाढवला होता, चिमण्यांशी भांडून राखला होता. पण पडली नवशिकी! खलबत्त्यात इतक्या जोरात कांडला की निम्म्या कण्याच झाल्या. उरलेले तांदूळही लालसर, मळकट. त्या शर्वाणी मेलीला सगळंच कसं जमतं?

जागेवर येताच शर्वाणीने तिचा तळहात धरला. "अय्या, एवढे फोड कशाने?"

"कांडून. तुला नाही आले?"

"तांदूळ कांडावे लागतात?"

म्हणजे ही वाटी थेट वाण्याच्या दुकानातून आलेली!

"बाईंना सांगू नकोस हं," शर्वाणी कुजबुजली.

कृत्तिकाने फोडांचा हात ताठ वर केला. "बाई, एक सांगू?"