खडखड

सासऱ्यांनी दिलेली अठरा वर्षांची आलिशान गाडी. खड्डा आला की दारातून खडखड यायची. शोरूममध्ये तीनदा नेली. तिथल्या टायवाल्या इंजिनिअरने दर वेळी कॉम्प्युटर जोडला, दाराचं कव्हर खोलून पाहिलं, मला कॉफी पाजली आणि सांगितलं, "गाडीचं वय झालंय सर, दारच बदला." खडखड मात्र दर खेपेला वाढतच गेली.

शेवटी नाक मुठीत धरून कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी दार दोनदा आपटून ऐकलं, कव्हर काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि आतून नट खोलायचे तीन लोखंडी पाने बाहेर काढले. तिन्हींवर शोरूमचं नाव कोरलेलं!

माझं डोकंच फिरलं. "मिस्त्री, आजपासून गाडी तुमच्याकडेच. त्या शोरूमची पायरी पुन्हा चढणार नाही!"

"असं नका करू साहेब!" मिस्त्री एकदम कळवळले. त्यांनी पाने फडक्याने पुसले आणि भिंतीवर टांगले. तिथे त्याच नावाचे पाने नंबरवार ओळीने लटकत होते. मधला एकच खिळा रिकामा होता.

"आणखी एकदा तरी जाऊन या. चौदा नंबरचा अजून यायचाय."