ढोल थांबव

माझी नात ऋतुजा देव-दैत्यांचा गेम खेळता खेळता वैतागली. "आबा, मी मारलेला राजा आता माझ्याच बाजूनं लढतोय. कायच कळंना!"

"मग ढोल थांबव की," मी म्हणालो. धनगरी ओव्या गाताना आम्ही मधेच ढोल थांबवून गोष्ट साध्या बोलण्यात उलगडायचो.

तिनं गेम थांबवला. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. राजाचा हा दुसरा जन्म होता, हे तिचं तिलाच उमगलं.

"आता तुमच्या ओवीतली गोष्ट सांगा."

"मी नुसता गायचो, पोरी. गोष्ट माझा जोडीदार महिपती सांगायचा. तो गेला, तशी तीबी गेली."

"गा तर खरं. मी इचारते की!"

कित्येक वर्षांनी गळा उघडला. तिसऱ्याच ओळीला तिनं अडवलं, "थांबा, ही बाई कोण?"

माझ्या तोंडून उत्तर आलं, महिपतीच्याच शब्दांत.