फेऱ्यांचा रकाना

"ही चकती बसणार नाही," फेरीबाई म्हणाल्या आणि कागद सही न करताच परत सरकवला.

विभागप्रमुखाने टेबलावरच्या चकतीकडे पाहिलं. टर्बाइनची ती जाडजूड चकती आरशासारखी लखलखत होती. रंग लावून, दिव्याखाली धरून तपासून झाली होती. केसाएवढी भेग नव्हती. खाली शॉपमध्ये उघडं इंजिन तिच्यासाठी अडलं होतं आणि उद्या दुपारी ते विमानाला लागायला हवं होतं.

"बाई, नख फिरवून बघा. ओरखडा सापडला तर सांगा."

"हिला भेग पडायची वाट बघितली, साहेब, तर ती आभाळातच कळते. म्हणून तर वय ठरवून दिलंय."

वय म्हणजे फेऱ्या. विमान एकदा उडून एकदा उतरलं की एक फेरी, मग ती दहा मिनिटांची असो की दहा तासांची. या चकतीला पंधरा हजारांची मर्यादा होती. तेवढ्या भरल्या की ती कितीही धडधाकट असली तरी करवतीने कापून तुकडे करायचे, म्हणजे पुन्हा कुणाला बसवायचा मोह नको. नोंदी ठेवणाऱ्या या बाई चौतीस वर्षं हेच मोजत आल्या होत्या. त्यांच्या पाठीमागे सगळं शॉप त्यांना फेरीबाई म्हणायचं.

"चौदा हजार दोनशे झाल्यात," तो म्हणाला. "आठशे शिल्लक आहेत. तुमच्याच संगणकात आकडा आहे."

"संगणकाला काय, भरवाल ते खातो." बाईंनी एक जुनं हिरवं कार्ड पुढे केलं. "हे इंजिन नवं असताना आपल्याकडेच होतं. मग विकलं गेलं, दोन घरं फिरलं, कित्येक वर्षं गोदामात पडून राहिलं, आणि आता परत आलंय. पहिल्या वर्षाची ओळ वाचा."

"तास सव्वीसशे, फेऱ्या तेराशे. बरोबर आहे की. तास जास्त, फेऱ्या कमी. सगळीकडे असंच असतं."

"सगळीकडे असतं, म्हणूनच कुणाला खटकलं नाही. पण ते विमान त्या वर्षी खाडीपलीकडे जायचं. अर्ध्या तासाचा प्रवास. चहा गार व्हायच्या आत उतरायची तयारी. तासाला दोन फेऱ्या. म्हणजे फेऱ्या दुप्पट हव्यात, निम्म्या नव्हेत. आकडे उलट्या रकान्यांत पडलेत."

त्याने मनातल्या मनात बेरीज केली आणि चकतीवरचा हात आपसूक मागे घेतला. पंधरा हजार पाचशे. म्हणजे मर्यादा उलटून गेल्यावर ही चकती पाचशे वेळा माणसं घेऊन वर गेली होती. त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

"कुणी केला हा गाढवपणा?"

"खाली सही आहे."

आद्याक्षर आणि आडनाव स्वच्छ वाचता येत होतं. त्याने संगणकावर आजी-माजी कामगारांची यादी काढून पाहिली, पुन्हा पाहिली. त्या नावाचं कुणी नव्हतं.

"संगणक यायच्या आधीच गेलं असेल सोडून," तो म्हणाला. "जाऊ द्या. चकती कापू. अहवालात 'जुन्या नोंदीतील चूक' एवढं लिहू आणि विषय मिटवू."

"नाव लिहायचं."

"बाई, तेहतीस वर्षं झाली त्याला."

"त्या सहीची आणखी कार्डं असतील. ती सगळी बाहेर काढायला हवीत. नाव दडवलंत तर काय काढणार, कपाळ? तिने नोंदवलेल्या चकत्या आज कुठे कुठे उडताहेत, कोण जाणे." बाईंचा आवाज कधी चढत नसे, आज चढला. "दोनच रकाने होते हो. मुलगी नवी होती, घाईत होती, हे काय कारण झालं? डोळे जागेवर होते की खिडकीबाहेर?"

"मुलगी होती हे कशावरून?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "अक्षरावरून."

आता त्याचा राग बाईंकडे वळला. चकतीचं त्याला पटलं होतं, चूक त्यांनी पकडली हेही मान्य होतं. पण एखाद्याच्या मागे किती हात धुऊन लागावं? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढताना हात जरा हलका ठेवता येत नाही का?

"चौकशी लागेल तिच्यामागे," तो म्हणाला. "कुठेतरी नातवंडं सांभाळत बसली असेल बिचारी. एवढ्या वर्षांनी तिची अब्रू चव्हाट्यावर आणून तुम्हाला काय मिळणार?"

"विमानात बसणाऱ्यांना मिळेल."

"शनिवारी तुमचा निरोपसमारंभ. मी भाषणात सांगणार होतो, चौतीस वर्षांत बाईंची एक चूक नाही. खरं सांगू? ज्याची चूक होत नाही, त्याला दुसऱ्याची दया येत नाही."

"ते भाषण राहू द्या, साहेब. आधी फॉर्म भरा."

त्याने फणकाऱ्याने फॉर्म ओढला. चकतीचा क्रमांक लिहिला, खऱ्या फेऱ्या लिहिल्या, कापून टाकण्याचा आदेश लिहिला. मग 'जबाबदार व्यक्ती' या ओळीवर कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर उतरवलं. बाई त्याच्या पेनाकडे बघत उभ्या होत्या. खाली सही करून त्याने कागद त्यांच्याकडे भिरकावला.

"घ्या. झालं तुमच्या मनासारखं. आता एवढं सांगा, या बाईला शोधायचं कुठे?"

फेरीबाईंनी कागद नीट वाचला, शिक्का मारला आणि फाइलला लावला.

"शोधू नका," त्या म्हणाल्या. "माझं माहेरचं नाव आहे ते."