बापाचं दूध

सुलक्षणा बाळंतपणात गेली, त्याला आज अठरा दिवस झाले होते. तिच्या तान्ह्या मुलीला पावडरचं दूध पचत नव्हतं आणि तिचं वजन रोज घटत होतं.

मुलीचा बाप भागवत पंधरा दिवस दवाखान्यात राहून छातीत इंजेक्शनं घेत होता. पहिल्याच दिवशी डॉक्टर मुजावर बाईंनी त्याला समजावलं होतं, "दूध तयार करायची जनुकं तुमच्याही पेशींत आहेत. फक्त जन्मापासून बंद आहेत. या इंजेक्शनांनी ती चालू केलेले चार बाप इथून लेकरं पाजत घरी गेलेत."

सासूबाईंना ते पटलं नव्हतं. "जावईबापू, पुरुषाला हे शोभतं का? पोर माझ्याकडे द्या."

"तुमच्याकडे तरी दूध कुठंय, मामी?" भागवत म्हणाला होता. तेव्हापासून सासूबाई त्याच्या खाटेकडे पाठ करून बसत.

आज दुपारी त्याचा सदरा छातीवर ओला झाला. आधी त्याला तो घामच वाटला. नर्सने मुलीला त्याच्या छातीशी दिलं, पण ती तोंड फिरवून रडू लागली. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला.

"नाही जमत मला," तो म्हणाला.

सासूबाई उठल्या. त्याच्याकडे न बघताच त्यांनी नातीची मान त्याच्या हातावर नीट ठेवली.

"डोकं जरा वर धरा. नाक दाबू नका तिचं."

मुलगी चोखू लागली. गिळल्याचा बारीक आवाज आला, मग पुन्हा आला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदाच त्या रडल्या. भागवतने मान वळवली नाही. त्याला हलायचीच भीती वाटत होती.