पेन्सिलची फुली

"तीन खेळाडू हवेत आणि स्कॉलरशिपचे पैसे दोघांपुरतेच आहेत, सर," मेधा म्हणाली.

निशिकांत कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कोच. मेधा अर्धवेळ येऊन संघाचा हिशेब बघायची. २००६ चा सीझन तोंडावर आला होता. स्ट्रायकर मिळाला होता, डिफेंडरही. जुना गोलकीपर मात्र सक्तीच्या लष्करी सेवेसाठी आर्मीत गेला होता.

"फरहानला सोडायचं नाही," निशिकांत म्हणाला.

सेम्बावांग भागातला हा पोरगा गोलपोस्टमध्ये उडी मारायचा तेव्हा बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. पण शुक्रवारपर्यंत फीची सोय झाली नाही, तर तो शिपयार्डात कामाला लागणार होता.

"मग कशावर तरी काट मारावी लागेल."

"मारा की. माझा नियम साधा आहे. मैदानावर ज्याचा उपयोग नाही, त्यावर डॉलर खर्चायचा नाही."

मेधाने मान डोलावली.

तीन दिवस ती आकड्यांशी झुंजत होती. जर्सी गेल्या वर्षीच्याच ठेवल्या. मॅचला भाड्याच्या बसऐवजी एमआरटीची मेट्रो. वार्षिक जेवण हॉटेलातून उचलून हॉकर सेंटरच्या स्वस्त खाद्यस्टॉलांवर नेलं. तरी अडीच हजार कमीच पडत होते.

निशिकांतला आकड्यांचं वावडं. मेधा कागदावर पेन्सिलने फुली करून द्यायची आणि हा गडी फुलीपाशी न वाचता सही ठोकायचा. सहा वर्षांत एकदाही पस्तावला नव्हता. अशी बाई आपल्याकडे आहे याचा त्याला मनापासून अभिमान होता. बुकित बातोकच्या घरी तो तिचं इतकं कौतुक करायचा, की बायको टीव्हीचा आवाज वाढवायची.

शुक्रवारी मेधाने कागद पुढे केला. "जमलं, सर. फरहान आपला. इथे सही करा."

"कसं काय जमवता हो तुम्ही?"

"तुमचाच नियम लावला."

त्याने हसत सही केली. दुपारी ती फायलींना रंगीत चिठ्ठ्या लावत बसली होती. कुठलं बिल कुठे जातं, हे ऑफिसातल्या सुझनला शांतपणे समजावत होती. काम असावं तर असं, निशिकांतला वाटलं.

सोमवारी सरावात फरहानने लागोपाठ तीन पेनल्टी अडवल्या. निशिकांतला राहवेना. कँटीनमधून दोन कॉफ्या घेऊन तो थेट ऑफिसात गेला.

मेधाचं टेबल रिकामं होतं. कपाटाची किल्ली सुझनच्या गळ्यात होती.

"मेधा कुठेय?"

"पोस्ट कट झाली ना, सर. यू साइन्ड ऑलरेडी."

तिने फाईल उघडून दिली. कॉफ्या टेबलावर ठेवून निशिकांतने तो कागद पहिल्यांदा वाचला. त्याच्या सहीशेजारी पेन्सिलची फुली अजून होती. वरच्या यादीत 'हिशेबनीस, अर्धवेळ' या ओळीवर सरळ रेघ मारलेली, आणि पुढे कारणाच्या रकान्यात मेधाच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: मैदानावर उपयोग नाही.