पायाची थाप

"हाताने, पायाने, नाहीतर तोंडाने. थाप म्हणजे हरलो, सोड. ती कशीही आली तरी पकड त्याच क्षणी सोडायची. विचार करायचा तो सोडल्यावर."

ज्युदोच्या हॉलवर पांढरा पट्टा बांधून आलेल्या प्रत्येकाला मास्तर हे पहिल्या दिवशी सांगत, गादीवर पाऊल ठेवायच्या आधी. वायरमनने ते एकोणीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं, आणि पुढे कितीतरी नवशिक्यांना मास्तरांच्याच सुरात ऐकवलंही होतं. शिंप्याच्या दुकानाची पायरी चढताना तो आवाज पुन्हा कानात आला.

चार महिन्यांत तो इकडे फिरकला नव्हता. हॉलवरही गेला नव्हता. शिंपी हो म्हणेल तेव्हाच गादीवर पाय ठेव, असं मास्तरांनी बजावलं होतं. आणि सरावात ज्याचं कोपर आपण उलटं दाबून मोडलं, त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जायचं, यात दिवस गेले. आज सहाला नव्या तुकडीचा पहिला वर्ग होता.

शिंपी कापडाच्या ठाणांना टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा. मशीनवर वहिनी होत्या. टेबलावर अर्धवट कापलेली पॅंट पडली होती, तिची कड करवतीसारखी दातेरी. डाव्या हाताचं काम.

"ये रे करंट," शिंपी म्हणाला. "मला वाटलं, तुझाच फ्यूज उडाला."

कुणी हसलं नाही.

वायरमनने बोलायचं ते घोकून आणलं होतं. पिशवीतून काळा पट्टा काढून त्याने टेबलावर ठेवला. चूक झाली, तू सांगशील ते करीन, असं काहीबाही बोलला. शिंप्याने पट्ट्याची शिवण अंगठ्याने चाचपली आणि टाका ढिला आहे म्हणाला. मग, गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आलो, हेही सांगितलं. शीर मेली आहे, मूठ आता मिटायची नाही. कापड धुतल्यावर किती आटेल ते गिऱ्हाइकाला सांगावं, तशा आवाजात सांगितलं. मशीन मात्र त्या वाक्याला जरा अडखळलं.

"एकच विचारतो," शिंपी म्हणाला. "माझा एक हात तुझ्याकडे, दुसरा माझ्याच अंगाखाली. मी पायाने थाप मारली. तीनदा. तू मास्तरांना म्हणालास, ऐकू आली नाही. खरं का?"

हो म्हणणं सोपं होतं. चार महिने तो सगळ्यांना तेच सांगत आला होता. मास्तरांना, बायकोला. देवापुढे हात जोडतानासुद्धा.

"ऐकली होती," तो म्हणाला. "वाटलं, हाताने मारत नाही म्हणजे अजून दम आहे याच्यात. नवी मुलं बघत होती. म्हटलं, आणखी एक क्षण."

वहिनींचा पाय थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही. सुईखालचं कापड तसंच धरून राहिल्या.

शिंप्याने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि पुढे केला.

"धर."

वायरमन मागे सरकला.

"धर म्हणतो ना."

त्याने धरला. हात गार होता, बोटं चिंध्यांसारखी लोंबत होती. शिंप्याने टाचेने फरशीवर थाप मारली. हलकी, एकच. वायरमनने तत्क्षणी हात सोडला. तो टेबलावर पडला, आणि त्याचा आवाज थापेपेक्षा मोठा झाला.

"एवढंच होतं रे," शिंपी म्हणाला.

मग शिंप्याने वहिनींना पांढरं जाडं कापड काढायला सांगितलं. गळ्यातल्या टेपचं एक टोक त्याने वायरमनच्या पोटावर दाबून धरलं. दुसरं धरायला हात नव्हता. ते वायरमनने स्वतःच कमरेभोवती फिरवून आणून दिलं. माप शिंप्याने वाचलं, कात्री वहिनींनी चालवली. कापड कापलं जात असताना शिंपी सांगत होता. आजपासून नव्या तुकडीत उभं राहायचं, रांगेत शेवटी. आधी पडायला शिकायचं. नवशिके उचलून आपटतील, आपटून घ्यायचं. कुणी दादा म्हणालं तर मी नवा आहे म्हणायचं. काळा पट्टा इथे खुंटीला राहील.

"कधीपर्यंत?" वायरमनने विचारलं, आणि विचारल्यावर त्याला कळलं.

शिंप्याने टेबलावरच्या हाताकडे पाहिलं. "ह्याची मूठ मिटली की घेऊन जा."

"नेम म्हणून धरा, भाऊजी," वहिनी पहिल्यांदाच बोलल्या. "शिक्षा म्हणून धराल तर चार दिवसांत सुटेल."

"धरला," तो म्हणाला.

वहिनींनी पट्ट्यावर टाक्यांच्या चार ओळी घातल्या, दोरा दातांनी तोडला, आणि पट्टा त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवला. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला. सहाला दहा मिनिटं कमी होती. पट्टा मुठीत घट्ट धरून तो पायरी उतरला.

मागे वहिनींनी मशीनच्या पॅडलवर पाय दिला. पहिला टप् कानावर पडताच वायरमन जागच्या जागी थांबला. दोन्ही मुठी आपोआप उघडल्या, पट्टा पायाशी पडला. त्याने वाकून तो उचलला, धूळ झटकली, कमरेला बांधला, आणि हॉलच्या दिशेने चालू लागला.